आईच्या पोटरीचा घेर

१० जुलै, गुरुवार
आषाढ पौर्णिमा. गावी. बाबांनी बुद्धविहारात बोलायला लावलं. निवृत्त हेडमास्तरांची मुलगी, आदिलाबादला आहाराच्या प्रोजेक्टवर, म्हणजे बोललंच पाहिजे. विषय: आहार आणि म्हातारपण. वीस मिनिटं. खाण्यापासून सुटी मिळाली की पेशी आपलाच साचलेला कचरा मोडून पुन्हा वापरतात. कमी खाणारे उंदीर जास्त जगतात. माणसांत तेवढं सिद्ध नाही, आणि साठीनंतर डाळ-अंडी-दूध कमी झालं तर आधी स्नायू जातात. हे शेवटी सांगितलं. तोवर बायका खीर वाटायला उठल्या होत्या. आईसुद्धा.
बाबांनी तिथंच जाहीर केलं: पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने दुपारी बारानंतर अन्न नाही. एरवी पौर्णिमेच्या उपोसथाला, उपासाच्या त्या दिवसापुरतं पाळतात, हे रोज. आणखी चार जण तयार झाले. सगळे माझ्याकडे बघत होते.

२० जुलै, रविवार
बाबांना मोजलं. वय ६७. वजन ७१.४. पोटरीचा घेर (स्नायूंचा अंदाज, ३१च्या खाली धोका; पुढे पो. घेर) ३५.५ सेंमी. साखर, बी.पी. ठीक. दर पंधरवड्याला मोजायचं ठरलं. त्यांनी कॅलेंडरच्या मागे पट्टी धरून रकाने आखले. आईनं मला चहा दिला, त्यांना पाणी.
तूरडाळ तीन किलो दिली. दोघांना सात आठवडे.

३ ऑगस्ट, रविवार
बाबा ७०.१. पो. घेर तोच. म्हणाले, "तुझा प्रयोग यशस्वी होऊन राह्यला." माझा प्रयोग नाही, म्हटलं. ऐकलं नाही.
लॅबमध्ये फोन वाजला की आधी गावचा आहे का बघते. त्यांना चक्कर आली असेल, पडले असतील, दर वेळी तेच.

१७ ऑगस्ट, रविवार
बाबा ६९.३. पो. घेर ३५.२. फरक टेपच्या चुकीइतका. बाकी सगळं ठीक. तरी बसमध्ये आकडे तीनदा तपासले.
आई दारापर्यंत आली. नेहमी स्टॉपपर्यंत येते.

२६ ऑगस्ट
भैंशाकडच्या एका गावात प्रोजेक्टचे नमुने, महिनाअखेरपर्यंत इकडंच, या रविवारी मोजमाप चुकणार. काल काय खाल्लं, हा प्रश्न. एका आजीनं भराभर यादी सांगितली. भाकरी दोन, वरण, वांगं. शेवटी कळलं, सगळं नवऱ्याचं. तुम्ही काय खाल्लं, परत विचारलं. ती हसली. "उरलं ते." फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

६ सप्टेंबर, शनिवार
सकाळी शेजारच्या शांताकाकूंचा फोन. हातपंपावर खाली बसल्यावर उठताच येईना, दोघींनी धरून घरी आणलं. बाबा ना, असं मी विचारलं.
"बाबा नाय वो. तुही आई."

७ सप्टेंबर, रविवार
आई. वय ६१. वजन ४१.२. पो. घेर २८.५. खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. एकदा उठली. दुसऱ्यांदा नाही. जुलैची नोंद नाही. घेतलीच नव्हती. टेप, काटा सगळं हातात होतं आणि ती समोर चहा घेऊन उभी होती.
डाळीचा डबा तोलला. आज संपायला हवी होती. निम्मी शिल्लक. खाल्ली ती एकानेच.
आधी म्हणे, मी जेवते. मग डबा दाखवला.
"एकटीपुरता तवा कायले ठेवू? ते पाणी पिऊन बसतेत, न मी त्यांच्यासमोर भाकर मोडू?" दुपारी? दुपारी डाळ त्यांनाच वाढते, एकदाच जेवतेत म्हणून. "अन् तूच त सांगतलं, कमी खाल्लं त आयुष्य वाढते."
शेवटचं ऐकलं नाहीस, म्हटलं.
"खीर कोण वाटीन मंग?"
थोडं हसली. मग म्हणाली, मी एकलीच नाही, त्या चार घरांतही तवा एकदाच चढते.

८ सप्टेंबर
रजा वाढवली. आईला दवाखान्यात नेलं. रक्त कमी. गोळ्या. डॉक्टर म्हणाले खायला घाला. एवढंच.
बाबांशी बोलले. ते म्हणाले, खाल्लं म्हणते ती. तुम्ही पाहिलं का, मी विचारलं. पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते विहारात वाचनाला असतात. "तिला कोणी मनाई केली?" कोणीच नाही. मनाई असती तर काढता आली असती.
आश्विन पौर्णिमेपर्यंत शील घेतलंय, चार जणांना सोबत घेतलंय, मधेच कसं सोडू, म्हणाले. आणि विहारात हे बोलू नकोस. मी हो म्हटलं नाही.
त्यांचं चुकतंय असंही आकड्यांत दाखवता येत नाही. त्यांची प्रकृती जुलैपेक्षा चांगली आहे.

१० सप्टेंबर
आदिलाबाद. सात वाजता रूमवर ताट वाढून घेतलं, आईला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेव, मी जेवते, तूही जेव. "हे काय नवीन." एकटी नाहीस आता, म्हटलं. मग डबा उघडल्याचा आवाज.

१४ सप्टेंबर, रविवार
आई ४१.३. पो. घेर २८.५. एवढ्यात वाढणार नाही, माहीत आहे. तरी दोनदा मोजला. बाबांच्या कॅलेंडरवर आईसाठी रकाना आखला. पट्टी त्यांनीच धरली.
विहारात गेले. बाबा पुढच्या रांगेत. जुलैतल्या भाषणाचं शेवटचं वाक्य आज पहिलं सांगितलं. मग त्या चौघांना एकच विचारलं, काल संध्याकाळी तुमच्या घरी कोण काय जेवलं? एक जण आठवत राहिला. बाकीच्यांनी मागे बायकांकडे पाहिलं. बाबा सतरंजीकडे.
घरी येताना ते दहा पावलं पुढे चालले.

१८ सप्टेंबर
सातचा फोन रोज. आई आज काय भाजी, एवढंच सांगते. बाबा फोनवर येत नाहीत. विहारातलं वाचन सातचं आहे, म्हणजे घरी नसतीलच.

१९ सप्टेंबर
सातला फोन. आई म्हणाली, थांब, वाढते. एक ताट ठेवल्याचा आवाज. मग दुसरं.
कोणाचं ते मी विचारलं नाही. पलीकडे कोणी तरी खाकरलं. पेल्यात पाणी ओतलं. भाकरी मोडल्याचा आवाज एकदा आला. कोणत्या ताटातली, ते फोनवर कळत नाही.
परवा रविवार. टेप बॅगेत टाकली.