मेघाश्रीच्या वडाला मी सूत गुंडाळलं

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्या अनुसूयेचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आता ताळ्यावर आले असतील. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो. (फोनवर तू मधेच ओरडशील, म्हणून पत्र.)

मेघाश्रीने नोकरी सोडून काय आरंभलंय ते बघ आणि तिला लग्नासाठी धारवाडला पाठवून दे, असं तू बजावलं होतंस. म्हणून वटपौर्णिमेला पूजेचं ताट घेऊनच पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत गेले, वाटेत एखादा वड भेटेल या आशेने (बंगळुरात वडापेक्षा नवरा लवकर सापडतो). वाटेत काही भेटला नाही. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये तुझ्या लेकीने वडाचं वठलेलं खोड उभं केलंय. देवनहळ्ळीला घरांचे प्लॉट पाडायला तोडलेलं. त्याला वायरी, दिवे, आत पंखा. माणूस जवळ गेला की खोड श्वास घेतं. अक्का, खरंच घेतं. मेलेल्या झाडाला यंत्राने जीव आणायचा, यालाच म्हणे कला म्हणतात.

मला वाटलं, पोरीने सण बघूनच वड मांडलाय. ती पाहुण्यांशी बोलत होती तेवढ्यात मी हळदीकुंकू वाहिलं, पाणी घातलं आणि सूत गुंडाळत फेरे सुरू केले. सुताबरोबर वायरीही उपटून येताहेत, हे मला पाचव्या फेऱ्याला कळलं. खोडाने एक उचकी दिली आणि शेडभर अंधार झाला. मी चाचपडत ताट सावरतेय, तोच लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका दाढीवाल्याने तर ‘अक्का, स्वल्प दारा कोडी’ म्हणत माझ्याकडून जरासं सूत मागून घेतलं आणि राहिलेले फेरे पुरे केले. कोणाच्या नावाने, ते मी विचारलं नाही.

मेघाश्री कोपऱ्यात बसून रडली आणि म्हणाली, ‘मावशी, आईला कळव, मी येते.’ तुझ्या मनासारखं झालं. मला मात्र घास उतरत नाही.

तुझी,
अनुसूया

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच मेघाश्रीचा फोन. सूत सोडवताना वायरींखाली कोवळा कोंब दिसला. वड जिवंतच होता गं, आणि यंत्र त्याच्या वतीने श्वास घेत बसलं होतं. पोर हसतेय की रडतेय, कळेना.

ता. क. दुसरा. तेव्हा मेघाश्री येत नाही. तिच्याऐवजी टेम्पोतून वड येतोय. लग्नाच्या मांडवासाठी परसात जागा मोकळी केली आहेस ना, तिथे मधोमध खड्डा खणून ठेव.