कंबरपट्टीवरचे दोन आकडे

प्रिय आई,

एक तांत्रिक प्रश्न आहे, म्हणून लिहिते आहे. फोनवर तू आधी जेवलीस का, झोपलीस का विचारतेस आणि प्रश्न राहूनच जातो.

आमच्या संग्रहालयात बॅलेच्या पोशाखांचं प्रदर्शन भरतंय. सव्वीस पोशाख. ते तपासून, दुरुस्त करून पुतळ्यांवर चढवायचं काम माझ्याकडे आहे. तीन महिने मी जाळी, हूक आणि अस्तर यांच्यातच आहे आणि माझी तक्रार नाही. तुला माहीत आहे, मी सहजासहजी कशाला छान म्हणत नाही. पण हे छान आहे. सुरुवातीच्या नर्तकी दरबारी झग्यातच नाचायच्या, जमिनीपर्यंत घोळ आणि पायात टाचांचे बूट. मग पावलं दिसावीत म्हणून घोळ वर घेतला गेला. चार बोटं कापड कमी झालं तर केवढा गहजब झाला! पुढे तलम पांढऱ्या जाळीचे घंटेसारखे झगे आले आणि ते बघून गेलेल्या बायका आपापल्या शिंप्याकडे तसंच काहीतरी मागू लागल्या. ती जाळी रंगमंचावरच्या गॅसच्या दिव्यांवर पेटायची. आग न धरणारं द्रावण लावलं की ती जड आणि मळकट दिसायची, म्हणून काही मुलींनी ते लावूच दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात चामड्याच्या बुटांवर रेशन आलं तेव्हा नाचाच्या सपाट बुटांना जाड तळ लावून बायका ते रस्त्यावर घालू लागल्या. तू बाजारात जाताना घालतेस ते काळे बूट त्यांच्याच घराण्यातले.

एकोणीस नंबरचा पोशाख निळा आहे. ताठ, आडवा घागरा, जाळीचे अकरा थर, वर अंगाशी घट्ट चोळी. काखेत छोटा चौकोनी तुकडा असा बसवलाय की हात डोक्यावर गेला तरी कंबर जागची हलत नाही. पाठीत हुकांच्या तीन रांगा आहेत, म्हणजे एक मुलगी गेली की पुढच्या मुलीला तोच पोशाख होईल. मी भिंगातून दोन दिवस पाहिला, एक टाका चुकलेला सापडला नाही. कार्डावर पोशाख रेखाटणाऱ्याचं नाव आहे, नाचणारीचं आहे. त्याखाली ‘शिवणकाम : अज्ञात’. हे मीच टाईप केलं होतं.

मग कंबरपट्टी उलटली. आतल्या बाजूला, धुऊनही न जाणाऱ्या शाईने दोन आकडे लिहिलेत, ६० आणि ६४. जुन्या नोंदवहीत कुणीतरी त्यांना ‘धुलाईचे क्रमांक’ म्हटलंय. मी खुर्चीत बसले. शाळेचा गणवेश शिवताना तू मला दारात उभी करायचीस. श्वास सोड. आता भर. पोट आत ओढून कुणाला फसवतेस, मला की टेपला? मग दोन्ही मापं पट्टीच्या आत लिहायचीस आणि मधल्या चार सेंटीमीटरसाठी पाठीत रबराची पट्टी लपवायचीस. मी नंतर तुझी मापं पुन्हा मोजून बघायचे, म्हणून तू मला मोजपट्टी म्हणायला लागलीस. एकदा तू मला एका फॅशनच्या मासिकातला लाल झगा दाखवला होतास, ‘मेल्यांनी आपली कंबर चोरली बघ,’ म्हणत. आणि किती खूश होतीस! मी मान वर करून नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. टोकदार कंबर, उघडा खांदा. ती कंबर याच निळ्या पोशाखाची होती.

आता प्रश्न. पुतळ्याला कापूस गुंडाळून पोशाखाच्या मापाचा करावा लागतो. तो साठचा करू की चौसष्टचा? आमच्या पुस्तकाप्रमाणे साठ, कापडावर ताण नको. पण साठला चोळीवर सुरकुत्या पडतात, नाच संपवून दमल्यासारखी दिसते. चौसष्टला ती विंगेत उभी राहून पहिलं पाऊल टाकणार असं वाटतं. पाठीत लपवलेलं रबर मात्र जुनं आहे आणि प्रदर्शन चार महिने चालणार. तुझ्या मनात कोणता आकडा होता?

हे मी दुसऱ्या कुणालाही विचारू शकले असते. आई, शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ यापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. नाटकगृहाच्या कपडेपटात शिवते, हे लिहायची मला लाज वाटली. तू ते वाचलंस आणि म्हणालीस, ‘बरोबरच आहे, दुपारपर्यंत घरीच तर असते.’ त्यावर आपण कधी बोललो नाही. पण माझ्या पदवीदानाला तू शेवटच्या रांगेत बसलीस आणि इथे तर सहा वर्षांत एकदाही आली नाहीस. या नोकरीच्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं होतं. आकडे सापडल्यावर आठ दिवस मी ते कार्ड तसंच ठेवलं. आठ दिवस मला ठाऊक होतं, आणि कार्डावर अज्ञात होतं. काल विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, मग तीन महिने आपण बाहेर जाणकार शोधत काय बसलोय?’ त्यांना तुझ्या हातचे आकडे ताडून बघायचे आहेत. कार्ड शुक्रवारी छापायला जातं. गुरुवारी ये, समोरच्या दाराने. येताना तुझी टेप आण, पुतळा तूच भर. माझा फॉर्म मी दुरुस्त करून दिला आहे. ‘शिवणकाम’ यापुढची जागा मोजून पाहिली. तुझं पूर्ण नाव एका ओळीत बसतं.

तुझीच,
मोजपट्टी