माळ वसाड नसतो

माय,

काल आपल्या गावच्या दूध सोसायटीच्या बैठकीत मी तुझा माळ वाचवला. हो, मीच! एवढ्या मोठ्यानं बोलले की तू असतीस तर "हळू बोल गं, लोक बहिरे हायत का?" म्हणाली असतीस. सांगते सगळं, दम धर.

सोसायटीला दूध गार ठेवायला स्वतःची वीज हवी आहे. यंदाही पावसानं दगा दिलाय, टँकर सुरू झालेत, त्यात लाईट गेली की दूध नासतं. चेअरमननी मला बोलावून घेतलं, कारण कुठली वीज निसर्गाला किती भारी पडते हे जोखण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. पण त्यांचं आधीच ठरलं होतं. "ताई, तुमी फक्त हो म्हना. माळ वसाडच पडलाय की. सगळ्या माळावर सोलर टाकू, तारंचं कुंपन मारू, काम खतम!"

वसाड म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. मी सातवीत आहे. तू चुलीपुढे भाकरी थापतेयस आणि मी निबंध वाचून दाखवतेय, 'आमच्या गावाशेजारी एक ओसाड माळ आहे.' तुझा हात परातीतच थांबतो. "वसाड कोन म्हनलं गं? शेळ्याला इचार की. दुस्काळात शेळ्या कुनी जगवल्या, तुज्या मास्तरनं?" लोकांच्या शेळ्या तू अर्धलीनं राखायचीस, होतील त्या करडांतली निम्मी आपली. त्यातलंच एक बोकड सिरसाळ्याच्या बाजारात विकून तू मला कंपासपेटी आणलीस. माळ नसता तर कसली कंपासपेटी आणि कसलं माझं इंजिनिअरिंग!

मग मी उभीच राहिले. म्हटलं, कोळसा नाही म्हणजे त्या विजेचा कुणाला त्रासच नाही, असं नसतं. उसाच्या चिपाडावरची वीजच बघा. चिपाड जळून जो कार्बन हवेत जातो तो उसानं हवेतूनच घेतलेला असतो, कबूल. पण ऊस पाणी किती पितो ते आपल्या विहिरींना विचारा. धरणाच्या विजेचं तर दुष्काळात नावच नको. पवनचक्कीला पाणी लागत नाही, तिच्याखाली शेळ्याही चरतात. पण तिच्यासाठी डोंगर फोडून रस्ता करावा लागतो, आणि पात्यांत घारी सापडतात. आपल्याला सोलरच बरं, मीच सांगते. फक्त ते जागा अडवतं आणि धूळ धुवायला पाणी मागतं.

"मंग टाकायचं कुटं, आमच्या डोक्यावर?" मागून एकजण ओरडला.

"म्हशींच्या डोक्यावर टाका," मी म्हटलं. सोसायटीचं छप्पर आहे, एवढे गोठे आहेत. धुवून उतरलेलं पाणी पन्हाळीनं हौदात घ्या आणि चाऱ्याच्या लसूणघासाला सोडा. हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. भांड्यांचं पाणी दोडक्याच्या वेलाला घातल्याशिवाय तू मला जेवायला वाढत नव्हतीस. चेअरमन कुरकुरले, छपरं आधी मजबूत करावी लागतील म्हणाले. पण ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्या बायांनी हात वर केले, आणि त्यांच्याकडे बघून गड्यांनीही केले. माळ मोकळा राहिला. मला लई आनंद झाला, माय.

बैठक सुटल्यावर तुझ्याबरोबर शेळ्या चारायला जायची ती म्हातारी मला हाताला धरून माळावर घेऊन गेली. वाकून तिनं एक वाळकं गवत उपटलं आणि माझ्या हातात दिलं. "वळखलं का? तुज्या मायच्या लई आवडीचं. ह्यानं शेळीला दूध येतं म्हनायची."

तू मला माळावर कधी येऊच दिलं नाहीस. तुझ्यामागं निघाले की खडा उचलायचीस, "साळंत जाय आधी!" म्हणून ओरडायचीस. आणि मी गेले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून तुला खरं सांगते. त्या म्हातारीला मी "वळखलं की" म्हणाले.

न्हाई वळखलं, माय.