सोमवारपासून सगळे ऑफिसात

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.
नव्या वर्षाची पहिली नोंद पाच दिवस उशिरा. वही, माफ कर. वेळ नोटीस लिहिण्यात गेला. मी नववी पास, त्यामुळे चार ओळींना चार दिवस लागतात.
नोटीस अशी: येत्या सोमवारपासून सहाही जणांनी ऑफिसात येऊन काम करावे. ऑरेस्ट ह्नात्युक, मालक.
पाच वर्षं झाली, सगळे घरी बसून फोनवर शेतीयंत्रांचे सुटे भाग विकतात. मी एकटा विनिपेगच्या ऑफिसात. कॅलगरीहून डारियाचा फोन आला. मुलगी हिशेबनीस असली की सुख नाही. म्हणाली, बाबा, विक्री वाढलीय, मग कशाला बोलावताय? म्हणालो, टीमवर्क. म्हणाली, म्हणजे काय? म्हणालो, ते समोर असल्याशिवाय सांगता येत नाही.
चांगलं उत्तर दिलं.

८ जानेवारी, गुरुवार.
लॉर्नाचा फोन. सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. शेतकऱ्याने नुसता आवाज काढून दाखवला, तरी कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगते. म्हणाली, मालक, गिमलीच्या माझ्या घरून सव्वा तास गाडी. बर्फ उडायला लागला की हायवेवर पुढची गाडी दिसत नाही. आणि येऊन करायचं काय? फोनच घ्यायचे ना?
मग हळूच म्हणाली, ब्रँडन शहरातली एक कंपनी बोलावतेय, घरूनच काम. महिनाअखेर सांगते म्हणालेय.
ती गेली तर निम्मे शेतकरी तिच्यामागून जातील. मार्चमध्ये पेरणीच्या ऑर्डरी सुरू होतात.
घाबरायचं कारण नाही. एकदा ऑफिसात आली, चार माणसांत बसली, की ब्रँडन विसरेल. अकरा बटणांचं कॉफी मशीन घेतलं आहे.

१२ जानेवारी, सोमवार. उणे एकतीस.
सगळे आले! तीनदा मोजले.
दिवसभर कानाला हेडफोन. लॉर्ना आणि ट्रेव्हर समोरासमोर बसून एकमेकांना कॉम्प्युटरवर निरोप पाठवत होते. मी मागे उभा राहिलो. ट्रेव्हर म्हणाला, काही हवंय का? म्हणालो, नाही, चालू दे. पाच मिनिटांनी म्हणाला, ऑरेस्ट, खुर्ची देऊ का?
पण संध्याकाळ! पाच वाजले, कुणी हललं नाही. सहाला बघतो तर कोट घालून सगळे खिडकीपाशी उभे. लॉर्ना काहीतरी बोलत होती, बाकीचे हसत होते. टीमवर्क ते हेच. मध्ये पडलो नाही. तळघराच्या गॅरेजातून माझी गाडी काढून घरी आलो. डारियाला कळवलं, बघ.

१३ जानेवारी, मंगळवार.
सकाळीच कळलं. कुणी थांबलं नव्हतं, अडकले होते.
इंजिन गारठू नये म्हणून लोक पार्किंगच्या खांबावरच्या प्लगला गाडी लावून ठेवतात. ती वीज मी तीन हिवाळ्यांपूर्वी बंद करून घेतली होती. कुणी येतच नव्हतं. चालू करायची राहिली. सहाच्या सहा गाड्या लाकूड.
लॉर्नाला घरी पोचायला साडेदहा झाले. म्हणाली, मालक, काल आम्ही टोइंगवाल्याची वाट बघत होतो. तुमची गाडी आमच्या समोरून गेली. ट्रेव्हरने हात केला, तर तुम्हीही केलात.
केला होता. मला वाटलं, अच्छा करतोय.
खरी चूक इलेक्ट्रिशियनची. बंद प्लगवर पाटी लावायला हवी होती. लॉर्नाची माफी मागायची ठरवली आहे. आज नको, तिचा राग उतरू दे. गुरुवारी.

१६ जानेवारी, शुक्रवार.
सगळे पुन्हा घरी. 'गाड्या दुरुस्त होईपर्यंत.' गुरुवारी माफी राहिली, पोट ठीक नव्हतं.
आज स्वतः एक फोन घेतला. डॉफिनचा शेतकरी, धान्य चढवायच्या नळीचं काहीतरी तुटलेलं. वीस मिनिटं ताटकळत ठेवून शेवटी लॉर्नाला विचारलं. शेगडीवर तिचं सूप होतं, ढवळता ढवळता नंबर सांगितला. म्हणजे सिद्ध झालं, तिच्याशिवाय ऑफिस चालत नाही. म्हणून तिने ऑफिसात यावं.
डारिया म्हणाली, बाबा, खरं सांगा, माणसं कशाला हवीत तुम्हाला? म्हणालो, देखरेख. म्हणाली, तुम्ही त्यांच्यावर, की त्यांनी तुमच्यावर?
फोन ठेवला. आगाऊ कार्टी.
मी आत गेलो की कुणीतरी मान वर करतं. तेवढ्याने कळतं की मी आत आलो.

२३ जानेवारी, शुक्रवार.
लॉर्नासाठी खास सवलत: आठवड्यातून चारच दिवस. दुपारी तीन केले. संध्याकाळी दोन. याखाली जाणार नाही. मालकाने कुठेतरी ठाम राहावं लागतं. ती हो म्हणणारच.

३० जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४.
लॉर्नाचा फोन. सोमवारी ब्रँडनच्या कागदावर सही करणार. मी म्हणालो, एकच दिवस ये. म्हणाली, मालक, सव्वीस वर्षांत तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत, सांगितलंत फक्त. हे रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर बरं होतं.
पत्र इथे कच्चं लिहितो. पक्कं करायला घेतलं तर चार दिवस जातील.

लॉर्ना,
गाड्यांचं चुकलं. इलेक्ट्रिशियनचं नाही, माझं. नोटीस फाडली. कुणी यायला नको, तूही नको. घरूनच कर, पण इथलंच कर. एक विचारतो. आठवड्यातून एक दिवस मी गिमलीला आलो तर चालेल का? स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसेन. मध्ये बोलणार नाही. फोन तूच घे.
सोमवारच्या आत कळव. नाही असेल तरी कळव.
ऑरेस्ट