‘लाइन’ची वही

इंदिरानगर, नाशिक
९ ऑक्टोबर २०२४

चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्रातील एक विधान प्रथम दुरुस्त करतो. ‘आईने दुखणे जुलैपर्यंत सर्वांपासून लपवले, मला परके मानले, वर्षश्राद्धाला यायला मन होत नाही,’ असे तू लिहितेस. ते खरे नाही. तिने मला कळवले होते, तेही लेखी.

तिची ‘लाइन’ची वही तुला आठवत असेल. एकाच इंग्रजी शब्दावर वीस कामे भागवणे हा भाषेचा आळस होय, असे मी जेवताना म्हणालो. वीसच का, मोजून दाखवते, असे तिने उत्तर दिले. तेव्हापासून कानी आलेला प्रत्येक अर्थ ती वाक्यासह टिपत गेली. वीज गेली की लाइन गेली. नळाची लाइन फुटली. लंकाबाईंचा सोमनाथ कोणत्या लाइनला लागला. पोलिसांची वसाहत, तीही लाइनच. समाधान तुझ्यावर लाइन मारतो, ही नोंद तर तुमच्या लग्नाच्या आठ महिने आधीची आहे. जावईबापूंना ते पान दाखवू नकोस.

दर रविवारी ती वही माझ्यापुढे ठेवी आणि मी लाल शाईने तपासून सही करी. वही सोबत पाठवत आहे. पान एकतीस पाहा.

लोभ उरला असेल तेवढा ठेव. अधिक मागण्याचा मला अधिकार नाही.

बाबा

येवला
१६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

ते लाइन मारण्याचं पान ह्यांनी आधीच शोधून काढलं आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. दिवाळीत आईने वही सुरू केली तेव्हासुद्धा आम्ही असेच हसलो होतो.

मग एकतीस काढलं. ‘लाईन म्हणजे रांग. काल तपासणीला एकटीच गेले पावणेदोन तास लाईन होती. डॉक्टर म्हणाले गाठ काढून तपासावी लागेल.’ तुम्ही ईकार ऱ्हस्व केलात, दोन स्वल्पविराम घातलेत आणि खाली ‘ठीक’ लिहून सही केलीत.

बाबा, फार राग आला. दोन दिवस वही मागापाशी रेशमाच्या लडींखाली ठेवून दिली. मग तारीख पाहिली. त्याच शनिवारी मी आईला फोन केला होता. लाइनमध्ये उभी आहे, असं ती म्हणाली होती. कसली लाइन, ते मी विचारलं नाही. नव्या पैठणीच्या पदराचे रंग सांगत बसले.

तेव्हा आईने लपवलं, हे वाक्य मी मागे घेते. श्राद्धाच्या दोन दिवस आधी येते. तुम्ही नुसत्या चहावर दिवस काढता, असं शेजारच्या साधनाकाकू सांगत होत्या. ते बंद करा.

माया होती तिथेच आहे, शंका नसावी.

तुमची तेजू

इंदिरानगर, नाशिक
२२ ऑक्टोबर २०२४

चि. तेजूस आशीर्वाद.

पत्र पोचले. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या; तशाच राहू दिल्या. फोनचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तुला तिने एक शब्द सांगितला होता, मला पूर्ण वाक्ये.

श्राद्धाला जमणाऱ्यांत कोणी चुकीचे बोलू नये, म्हणून तारखा नीट करून देतो. तूच वाचून दाखव. मला जमणार नाही.

वहीचा आरंभ: रविवार, ८ ऑगस्ट २०२१. दिवाळीत नव्हे.
तिने गाठ दाखवली: शनिवार, ११ फेब्रुवारी २०२३. जुलैत नव्हे.
तिने मला कळवले: रविवार, १२ फेब्रुवारी २०२३.
मी तपासले: त्याच दिवशी.
मी वाचले: मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४.