कोरडी फिरलेली मोटर

आई, मिरजेच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. आत तुझी सून डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली आहे. हळू बोलते म्हणून तू पसंत केलीस, तीच. आता किडन्या थकल्यात, पण आवाज चांगलाच मोकळा झालाय. हे उपचार चुकवून चालत नाही आणि गावचा रस्ता कालपासून कृष्णेच्या पाण्याखाली आहे, म्हणून आज बोटीनं आलो. ते कसं जमलं हे तुलाच सांगावंसं वाटतं, कारण वाईहून व्याकरण शिकून आलेल्या मुलाच्या हातात तू कधी पक्कड दिली नाहीस. बरोबरच होतं म्हणा.

पुराची बोट वर्षभर शाळेच्या व्हरांड्यात झाकून असते. गेल्या खंडेनवमीला गावातल्या अवजारांबरोबर तिच्या मोटरीचीही पूजा झाली. मंत्र अर्थात माझे. संस्कृतचा मास्तर असला की गाव भटजी शोधत नाही. हार घातला, नारळ फोडला, आणि सरपंच म्हणाले, "आवाज झाल्याबिगर पूजा पुरी कशी व्हायची? वडा की दोरी!" मोटर स्टँडवर, कोरडी. दोरी ओढली, ती गरजली, टाळ्या पडल्या, धूर माझ्या उपरण्यात शिरला आणि मी गंभीरपणे 'शुभं भवतु' म्हणालो. त्या मोटरीच्या खालच्या पायात रबरी पाकळ्यांचं एक चाक असतं, इंपेलर म्हणतात. ते नदीचं पाणी वर ओढतं, त्यानं इंजिन थंड राहतं. पाण्यावाचून फिरलं की पाकळ्या जळतात. हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते बोट चालवणाऱ्या फौजीला, पलटणीतून निवृत्त होऊन आलाय तो. आणि तो त्या दिवशी माण तालुक्यात मेव्हण्याकडे जेवत होता.

काल सकाळी पाणी चढायला लागलं तेव्हा फौजीनं मोटर नदीत सोडून चालू केली. चालू असताना तिच्या अंगातून पाण्याची बारीक धार पडायला हवी. पडली नाही. मेकॅनिक दुसऱ्याच गावात अडकलेला. रस्ता बुडायच्या आत फौजी मोटारसायकलवर सांगलीला जाऊन नवा इंपेलर घेऊन आला आणि माझ्यापुढे उभा राहिला.

"आवं सर, एवढं मंत्र म्हटलासा, तवा तिला घोटभर पानी पाजा म्हणायचं न्हाई व्हय?"

"आचमन माणसाला सांगितलंय, यंत्राला नाही."

"मग धरा आता हिकडं. माझी बोटं लय जाड हायती."

आम्ही बोल्ट सोडले, पाय खाली उतरवला, पंपाचं झाकण काढलं. आत जळक्या रबराचा वास आणि पाकळ्यांची लक्तरं. फौजी नवीन बसवायला निघाला. मी जुने तुकडे फुटक्या बांगडीसारखे ताटलीत जुळवत बसलो. एक तुकडा कमी होता. "जाऊ द्या सर, ग्येला आसंल व्हावून," तो म्हणाला. पण मला ते जाऊ देता येईना. तो आत पाण्याच्या वाटेवर बसला असेल तर नव्या चाकाचा उपयोग काय? मी नळीत तार घालून खरवडत राहिलो, फौजी आभाळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. तुझी सून चहा घेऊन आली. "जमतंय का शास्त्रीबुवा? नाही तर सांगा, मी पोहत जाते." त्यावर मला हसू आलं नाही. मग तारेच्या टोकाला तो काळा तुकडा आला.

नव्या पाकळ्यांना साबणाचं पाणी लावताना मी आपल्या कोरेगावच्या स्वयंपाकघरात आहे. तू स्टोव्हच्या पंपाचा चामडी वॉशर तेलात भिजत घातलायस. मी मदत म्हणून दुसरा, कोरडाच, दट्ट्यावर चढवतो आणि तू पाठीत धपाटा घालतेस. "चामडं आहे ते, त्यालाही जीव आहे. जा, तुझी रूपं पाठ कर." मी गेलो, रूपं पाठ केली, आणि बघ, चाळीसएक वर्षांत एवढंच शिकलो.

पाकळ्या एकाच दिशेनं वळाव्यात म्हणून दांडा फिरवत झाकण दाबलं, पाय जोडला, आणि पिंपभर पाण्यात मोटर चालू केली. धार आली. आज सकाळी पाण्यावरही ती पडत होती, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही. छत्रीखालून तुझी सून म्हणाली, "माझ्याकडं इतकं कधी बघितलं नाहीत." फौजी एवढा हसला की बोट हलली.

आता तो काठावर थांबलाय. मी मघापासून पुन्हा पुन्हा फोन करतोय. शेवटी म्हणाला, "सर, मोटर बंद हाय. बंद मोटरीची धार काय सांगू? बसा गप." गप बसवत नाही. पाणी अजून चढतंय, परत जायचंय, आणि काही दिवसांनी पुन्हा यायचंय. आत तिच्या यंत्रातही एक पंप फिरत असतो, नळीतून तिचं रक्त नेतो आणि आणतो. मी तो पहिल्या दिवशी क्षणभर पाहिला, तेव्हापासून बाहेरच बसतो. तिला सांगितलंय की आतला एसी मला सोसत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. एसी उन्हाळ्यापासून बंद आहे. तिला ते माहीत आहे, आणि तरी दर खेपेला ती पिशवीत माझ्यासाठी शाल घेते.