आधी मास्क

९ जुलै, दुपार

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. मी ठणठणीत आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझ्या ठमीला वाचून दाखव, पण शेवट आधी एकटीने वाच.

कोरोनाच्या अतिदक्षता विभागात पीपीई किट घातलं की आम्ही नर्सेस सगळ्या सारख्याच दिसतो, पांढऱ्या आणि फुगलेल्या. ओळख पटावी म्हणून पाठीवर पेनाने नावं लिहितो. माझ्या पाठीवर कुणीतरी ‘भोंगा’ लिहिलं. एक आजोबा दिवसभर मला अगदी आदराने ‘भोंगाताई’ म्हणत होते.

किट घालण्यापेक्षा काढणं जास्त धोक्याचं. दमलेला हात नकळत तोंडाकडे जातो, म्हणून काढताना समोर कुणीतरी लक्ष ठेवून उभं राहतं. माझ्यासमोर मोठ्या सिस्टर असतात. मी घाई केली की म्हणतात, “गाडी चुकतेय का तुझी?”

गेल्या महिन्यात त्यांच्याशी माझं वाजलं. आमच्या एका बसड्रायव्हर पेशंटने गुंगीत श्वासाची नळी उपसून काढली. मी बाहेर होते, किट उतरवलेलं. आतली धावपळ ऐकून तशीच निघाले, तर मोठ्या सिस्टरनी दंड धरून मागे खेचलं.

“आधी मास्क.”

“अहो, तो जाईल.”

“आत डॉक्टर आहेत. तू आडवी पडलीस तर उद्या त्याला कोण बघणार?”

मी रागाने रडत होते आणि त्या शांतपणे माझ्या गाऊनच्या नाड्या बांधत होत्या. मास्क नाकावर दाबून बसवला, कडेने हवा जात नाही ना ते पाहिलं, आणि मगच सोडलं. मी आत पोचले, डॉक्टरांना हात दिला, नळी पुन्हा बसली. तो वाचला, ताई. पुढे नळी रीतसर काढल्यावर घोगऱ्या आवाजात त्याने पहिलं काय विचारलं, तर “माझी बस कोण चालवतंय?”

आता तो शेवट, तू आधी एकटीने वाचायचा. रजा मिळत नाही असं मी तुला सांगत आले. मिळते. मीच घेत नव्हते. आईला बघून ठमी गळ्यात पडेल आणि माझ्यामुळे तिला काही झालं तर, या विचाराने पाय निघत नाही. हॉस्टेलच्या खोलीत तिचे फोटो बघत बसते.

चहा पिताना मोठ्या सिस्टरना हे सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मास्क कुठे घालायचा ते शिकवलं. कुठे काढायचा तेही मीच शिकवू का?” आणि सरळ माझी रजाच लिहून टाकली. आठवडाभर खोलीत वेगळी राहिले, तपासणी झाली. रिपोर्ट आज आला, चांगला आहे.

शनिवारी येते. दारात मी मागे सरकले तर सरकू देऊ नकोस. ठमीला अडवू नकोस.

तुझी,
ताप नसतानाही थरथरणारी
धाकटी